बंगळूर सोडून कुठेही

बंगळूर,
२ सप्टेंबर १९९६

शालनअक्का,

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर मिळालं. पुढेही इथेच लिहीत जा. घरच्या पत्त्यावर नको. आमचा पोस्टमन आमचं आणि घरमालकीण गंगव्वांचं टपाल एकत्र टाकून जातो.

दिवाळीच्या सुट्टीत यल्लाप्पादाजींना कंपनीकडून प्रवासभत्ता मिळणार आहे, तेव्हा कर्नाटकातली कुठली गावं बघावीत ते तू विचारलंस. मी ट्रॅव्हल्सच्या बुकिंग ऑफिसात बसतो, त्यामुळे मला ठाऊक असणार असं तुला वाटलं, आणि ते खरं आहे. मागची सीट रिकामी असली तर मालक मला फुकट जाऊ देतात. मी एकटाच जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. जे स्वतः बघितलं आहे तेवढंच खाली लिहितो. ऐकीव काही लिहीत नाही.

पहिलं विजापूर. सगळ्यांत आवडतं गाव तेच. गोल घुमटाला सकाळी दार उघडल्या उघडल्या जा. नंतर शाळांच्या सहली येतात आणि वर नुसता गोंगाट होतो. सकाळच्या रिकाम्या सज्ज्यात भिंतीजवळ तोंड नेऊन हळू आवाजात एक नाव घ्यायचं आणि थांबायचं. ते नाव पलीकडच्या बाजूनं परत येतं, मग पुन्हा येतं, दर वेळी थोडं आणखी लांबून. मी एकदा एक नाव घेतलं होतं. तुझ्या सिद्धीलाही घ्यायला सांग, मात्र तिनं स्वतःचंच घ्यावं. संध्याकाळी टांगा करून बारा कमानीला जा. राजानं स्वतःच्या थडग्यासाठी बांधायला काढलेली ती इमारत अर्धीच राहिली. वर छप्पर नाही, कमानी तेवढ्या उभ्या आहेत. बसायला चांगली जागा आहे.

मग बदामी. तळ्याच्या पायऱ्यांवर बायका धुणं आपटतात आणि तो आवाज समोरच्या तांबड्या कड्यावर जाऊन उशिरा परत येतो. बाईचा हात वर असतो आणि धुणं आपटल्याचा आवाज येतो. एकट्यानं फार वेळ बघू नये. तुम्ही तिघं आहात म्हणून लिहिलं.

हंपी बघायला होस्पेटला उतरा. बसस्टँडसमोरच्या लॉजचे मॅनेजर खंडोजी म्हणून आहेत, आपल्या खानापूरकडचेच. माझं नाव सांगा. विरूपाक्षाच्या देवळात मागे एक अंधारी खोली आहे. भिंतीतल्या भोकातून उजेड येतो आणि बाहेरच्या गोपुराची सावली आत उलटी पडते, शेंडा खाली. मी दोनदा बाहेर जाऊन खात्री करून आलो. गोपूर सरळच होतं.

तिथून म्हैसूरला जाताना सगळे बंगळूरला येऊन गाडी बदलतात. तुम्ही तसं करू नका. होस्पेटहून चित्रदुर्ग, तिथून हासन, मग म्हैसूर. लांब पडतं, पण वाटेत बेलूर आणि हळेबीड होतं. म्हैसुरात राजवाड्यावर दिवे लागलेले बघा आणि देवराज मार्केटात फुलांच्या गल्लीतून चाला. रस्ते रुंद आहेत, माणसं हळू बोलतात. प्रत्येक गावातल्या लॉजचं नाव वेगळ्या कागदावर लिहून जोडलं आहे.

बंगळूरबद्दलही तू विचारलंस. बंगळूरमध्ये बघण्यासारखं काही नाही. लालबाग आहे, पण बाग सगळीकडे असते.

आई बरी आहे. गुडघे दुखतात. तू पत्र लिहितेस हे तिला सांगितलं का, असं तू पुन्हा विचारलं आहेस. अजून नाही. वेळ बघून सांगतो.

माझी शाळा नववीत सुटली, पण शुद्धलेखन तू घटवून घेतलेलं आहे. चूक सापडली तर कळव.

तुझा,
गुंडू


बंगळूर,
२० सप्टेंबर १९९६

शालनअक्का,

तू रागावली आहेस. ‘इतकी गावं सांगितलीस आणि ज्या गावात माझी आई आणि भाऊ राहतात तेवढंच गाळलंस, हे कळायला मला मॅट्रिक व्हावं लागत नाही,’ असं तू लिहिलंस. मी ते वाक्य बरेचदा वाचलं.

गाळलं कारण दिवस बरे नाहीत. नोव्हेंबरात इथे जगातल्या सुंदर बायकांची स्पर्धा आहे आणि तिच्याविरुद्ध आतापासून मोर्चे निघताहेत. कावेरीच्या पाण्यावरून पाच वर्षांपूर्वी इथे गाड्या जळल्या होत्या, ते पुन्हा केव्हा पेटेल सांगता येत नाही. रस्ते खोदून ठेवलेत. रिक्षावाले नव्या माणसाला के. आर. पुरम दाखवून मग जे. पी. नगरला आणतात, म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. लहान मुलीला घेऊन कशाला यायचं?

त्यापेक्षा मीच म्हैसूरला येतो. तुम्ही कुठल्या दिवशी पोचणार ते कळव. मी सकाळच्या गाडीनं येऊन लॉजवर भेटेन आणि संध्याकाळी परत फिरेन. आईला आणणं जमणार नाही. तिचे गुडघे.

सिद्धीचा फोटो मिळाला. हनुवटी तुझी आहे. फोटो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. आमच्या भिंतीवर आहेत तेवढे फोटो पुरेत.

आईचा राग अजून आहे का, असं तू शेवटी विचारलंस. राग नाही. राग असता तर तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी तुला ये म्हणून तार केली असती. याहून जास्त आत्ता लिहिता येत नाही.

पत्र ऑफिसच्याच पत्त्यावर लिही.

गुंडू


बंगळूर,
८ ऑक्टोबर १९९६

अक्का,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. दाजी घरी असताना वाच.

तू एक तारखेला लिहिलेलं पत्र शनिवारी मिळालं. त्यात तू एकच गोष्ट विचारलीस, की मी काय लपवतो आहे. आता लपवून ठेवण्यासारखं राहिलं नाही. क्रमानं सांगतो.

आठ वर्षांपूर्वी तू यल्लाप्पादाजींबरोबर गेलीस आणि तिकडे लग्न केल्याचं कळलं, तेव्हा आप्पा म्हणाले, तिच्या नावानं आंघोळ करून मोकळा होतो. रागात बाप असं बोलतात, म्हणून मला ते नुसतं बोलणं वाटलं. ते आम्हाला खरंच मलप्रभेवर घेऊन गेले. पाणी फार गार होतं. आप्पांनी बुडी मारली, मला मारायला लावली. आई काठावर उभी राहिली. आप्पा ओरडले, ‘उतर खाली.’ आई म्हणाली, ‘मला पडसं हाय.’ ती उतरली नाही. घरी येऊन आप्पांनी तुझं तेरावं घातलं, लोकांना जेवायला बोलावलं. शाळेच्या निरोपाच्या फोटोतून तुला कापून काढलं आणि फ्रेम करून हार घातला. मी तुझ्या मागे उभा होतो, त्यामुळे त्या फोटोत तुझ्या खांद्यावर माझी बोटं राहिली आहेत.

आप्पा गेले आणि मी आईला बंगळूरला आणलं तेव्हा तिनं तो फोटो लुगड्यात गुंडाळून आणला. आप्पांच्या शेजारी लावला. गंगव्वांनी हार बघितला. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या अंगणातली अबोली आणून तुला वाहिली. पुढे एकदा त्यांच्या कपाटाच्या चाव्या हरवल्या. त्यांनी तुला हात जोडले आणि चाव्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. तेव्हापासून गल्लीत सांगतात, गुंडूची अक्का जागृत आहे. परीक्षेच्या आधी पोरं येऊन तुझ्या पाया पडून जातात.

हे वाचून तुला हसू आलं असेल तर हस. मला येत नाही. आई भाजी चिरताना तुझ्याशी बोलते. ‘शालन, इकडं वांगी बघ कशी पाण्यासारखी.’ रात्री दाराला कडी लावायच्या आधी ती दार उघडं धरून थोडी थांबते. मी एकदा विचारलं, कशासाठी थांबतेस. म्हणाली, ‘आत आली काय बघते.’ मग कडी लावली. मी तिच्या मागे बघितलं. रिकामी खोली, फोटो, आणि आमच्या दोघांची अंथरुणं. तेव्हापासून मी रात्री पाणी प्यायला उठत नाही. तू पिंपरीत आहेस, तुझी पत्रं ड्रॉवरमध्ये आहेत, हे मला ठाऊक असतं, तरी उठत नाही.

आता पितृपक्षाचं. आप्पा होते तोवर तुझं पान सर्वपित्री अमावस्येला ठेवायचे. आप्पा गेल्यावर पहिल्याच वर्षी आईनं ते अविधवा नवमीला ठेवलं. मी म्हटलं, अमावस्येला ठेवतो ना आपण? आई म्हणाली, ‘नवरा असताना गेलेल्या बाईचं नवमीला करतात. गप बस.’ अक्का, त्या दिवशी आईनं तुझं लग्न मान्य केलं. पण ते तुला कुठल्या तोंडानं कळवणार होतो?

पान आम्ही गच्चीवर ठेवतो. आप्पांच्या पानाला कावळा लगेच शिवतो. तुझ्या पानाशी आई स्वतः छत्री घेऊन बसायची. कावळा आला की हाकलायची. सगळी दुपार उन्हात बसायची. कावळा शिवला म्हणजे गेलेल्या माणसाला पोचलं, आणि तुझ्यापर्यंत ते पोचू नये असं तिला वाटायचं. पान ठेवायचं तेही तिलाच, आणि शिवू द्यायचं नाही तेही तिलाच. संध्याकाळी पान खाली आणून स्वतः जेवायची आणि फोटोला सांगायची, ‘शिवला न्हाई.’ त्या रात्री तिला चांगली झोप लागायची.

परवा रविवारी नवमी होती. आईला जिना चढवेना. ‘तू जा आणि हाकल. पुस्तक-बिस्तक घेऊन बसू नगं,’ म्हणाली. मी छत्री घेऊन बसलो. पुस्तक नेलं नव्हतं, पण तुझं पत्र खिशात होतं. बंगळूर का नको याचं आणखी कुठलं कारण लिहावं, ते मी शोधत होतो. मान वर केली तेव्हा कावळा कठड्यावर होता आणि त्याच्या चोचीत वडा होता.

पान घेऊन खाली आलो. ‘शिवला काय रे?’ आईनं विचारलं. नाही म्हणायचं मी ठरवलं होतं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. पानाकडे बघितलं. वडा नव्हता.

आई रडली नाही. भिंत धरून उठली, मोरीत गेली आणि डोक्यावरून गार पाण्याचे तांबे घेतले, एकामागून एक. मलप्रभेवर घेतलं नव्हतं ते आता घेतलं.

मग मी सगळं सांगितलं. ऑफिसात जाऊन तुझी पत्रं आणली, सिद्धीचा फोटो आणला. आईनं फोटो हातात घेतला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही. मला वाटलं, झालं. मग तिनं विचारलं, ‘पत्र कवाचं?’

‘एक तारखेचं.’

‘आणि कावळा कवा शिवला?’

मी तुझं पत्र घडी करून पाकिटात घातलं.

‘एक तारखेला होती माझी पोरगी,’ आई म्हणाली.

ती जेवत नाही. चहा घेते तोही गंगव्वा समोर बसल्या तरच. पत्र मिळताच गंगव्वांच्या नंबरवर फोन कर. नंबर पाठीमागे लिहिला आहे. रात्री कितीही वाजले तरी चालेल.

गुंडू


बंगळूर,
११ ऑक्टोबर १९९६

अक्का,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. आमच्या गाड्यांचे ड्रायव्हर मी सांगितलेल्या लॉजवर नेऊन देतील. हाच मजकूर लिहून एक विजापूरला, एक होस्पेटला, एक हासनला आणि एक म्हैसूरला पाठवतो आहे. ज्या गावात मिळेल तिथून पुढे कुठेही न जाता बंगळूरला ये.

तुमच्या खालच्या किराणा दुकानात मी फोन केला होता. नंदकिशोरशेठ म्हणाले, ‘ते तर गेले फिरायला, शनिवारीच. कंपनीत काम कमी आहे म्हणून आत्ताच रजा घ्या म्हणाले साहेब. पहिलीतल्या पोरीची काय शाळा! तुम्हाला कार्ड टाकलंय म्हणाल्या वहिनी.’ कार्ड अजून आलेलं नाही. मी सगळं खरं लिहिलेलं पत्र तुझ्या बंद दाराखाली पडलं असेल. थोडक्यात एवढंच, की आई तुला आठ वर्षं गेलेली धरून चालली होती आणि गेल्या रविवारपासून तिला ते खरं वाटतं आहे. ती जेवणाला शिवत नाही.

विजापूरच्या लॉजवर फोन केला. त्या दिवसांत उरूस होता, जागा नव्हती, बऱ्याच लोकांना परत पाठवलं असं ते म्हणाले. तुम्ही त्यांत होता की नाही, ते सांगू शकले नाहीत. बदामीच्या लॉजला फोनच नाही. होस्पेटची लाइन पावसात गेली आहे. हासनला नुसती घंटी वाजते.

मी तुला ही गावं सांगितली तेव्हा काही गोष्टी लिहायच्या राहिल्या. घुमटाच्या सज्ज्याचा कठडा ठेंगणा आहे. बदामीच्या तळ्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे. हंपीच्या नदीत गोल टोपलीत बसवून पलीकडे नेतात, ती टोपली पाऊस झाल्यावर गरगर फिरते. चित्रदुर्गच्या घाटातून रात्रीची गाडी घेऊ नये. हे सगळं मला ठाऊक होतं. मी फक्त चांगलं तेवढं लिहिलं, कारण तू तिकडेच जावंस आणि इकडे येऊ नयेस असं मला वाटत होतं.

कालपासून मी पेपरात अपघातांच्या बातम्या वाचतो आहे. सापडत नाहीत म्हणून बरं वाटतं, आणि मग वाटतं की तिकडच्या बातम्या इकडच्या पेपरात उशिरा येतात. तुझी तारीख घालून आलेलं पत्र समोर ठेवतो. शाई आहे, अक्षर तुझं आहे. आई म्हणते तेच माझ्याही मनात येतं, की एक तारखेला होतीस.

घुमटात मी घेतलं होतं ते नाव तुझं होतं. ‘अक्का’ एवढंच म्हटलं होतं. पहिल्यांदा परत आलं ते माझ्याच आवाजात. शेवटचं आलं ते माझ्या आवाजात नव्हतं. मी जिन्यानं पळत खाली आलो होतो.

सिद्धीला नाव घ्यायला लावू नकोस. लावलं असशील तर असू दे.

काल रात्री आईनं कडी लावायच्या आधी दार उघडून धरलं नाही. नुसती कडी लावली.

गुंडू


बंगळूर,
१४ ऑक्टोबर १९९६

सौ. शालनअक्का,

हे पत्र म्हैसूरच्या लॉजवर थांबेल, हासनचं चुकलं तर हे तरी मिळावं म्हणून. ड्रायव्हरला मी बजावलं आहे की मॅनेजरच्या हातात द्यायचं, काउंटरवर टाकून यायचं नाही.

आज सकाळी होस्पेटची लाइन लागली. खंडोजीच बोलले. मी विचारलं, पुण्याकडचं कुणी, नवरा-बायको, लहान मुलगी?

‘आले होते की. शुक्रवारी आले, काल सकाळी गेले. तुझ्या ड्रायव्हरनं आणलेलं पत्र ते गेल्यावर पोचलं, पावसात गाडी अडकली होती. तुझं नाव सांगितलं म्हणून तर वरची खोली दिली. गुंडू, तुझी ओळखीची माणसं जरा बघून पाठवत जा.’

‘का, काय झालं?’

‘अरे बाई आहे का काय. नवरा बिचारा गरीब. पाणी कोमट आलं म्हणून पहाटे सगळा लॉज उठवला तिनं. मला म्हणते, ‘खंडोजीमामा, ह्या पाण्यात आंघोळ केली तर मी मरायची, आणि तुम्हाला येऊन झपाटायची.’’

मी फोन ठेवला आणि बूथमध्येच बसून राहिलो. बाहेरचा माणूस काचेवर टकटक करत होता.

घरी जाऊन आईला सांगितलं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ऐकून उठून बसली.

‘कवा म्हणालास?’

‘शुक्रवारी आली. काल सकाळी निघाली.’

‘म्हंजे कावळ्यानंतर.’

‘होय.’

आई विचार करत राहिली. मग म्हणाली, ‘गरम पाण्यावरनं कुणीबी भांडंल. दुसरी बादली मागितली काय विचार.’

मी पुन्हा बूथवर गेलो. खंडोजी वैतागले होते. ‘आता काय राहिलं?’ मी विचारलं, दुसरी बादली मागितली होती काय. मग खंडोजी म्हणाले, ‘तुला रे कसं कळलं? पहिली अर्धी टाकून दिली आणि दुसरी मागितली. वर म्हणते, आमच्या घरात अशीच पद्धत आहे.’

हे आईला सांगितलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. गंगव्वा दारात उभ्या होत्या, त्यांना वाटलं वाईट बातमी आली. ‘याके अळतीरी?’ त्यांनी विचारलं, का रडता म्हणून. आई मराठीतच म्हणाली, ‘माझी थोरली भांडतीय तिकडं होस्पेटात.’ मी कन्नडमध्ये सगळं समजावून सांगितलं. गंगव्वा खाली बसल्या. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, ‘अय्यो, मग माझ्या चाव्या कुणी शोधून दिल्या?’

मग आईनं भात मागितला. जेवताना मी म्हटलं, ‘पण कावळा कसा शिवला?’

‘बंगळूरचा कावळा,’ आई म्हणाली. ‘त्याला काय कळतंय.’

फोटो काढून ठेवला आहे. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला. हे लिहिताना मला सांगायला हवं की घर फार रिकामं वाटतं. आईनं वांगी चिरली आणि कुणाशी बोलली नाही. रात्री मी पाणी प्यायला उठलो. भीती वाटली नाही, आणि त्याचंच काहीतरी वाटलं. इतकी वर्षं घरात कुणीतरी होतं आणि ते निघून गेलं. तू लवकर ये.

तर बंगळूर. मी आधी लिहिलं होतं की इथे बघण्यासारखं काही नाही. ते मी आता खोडतो. जे स्वतः बघितलं आहे तेवढंच सांगतो.

म्हैसूरहून पहाटेची गाडी धर. उतरल्यावर रिक्षा करू नकोस, समोरच जे. पी. नगरची बस लागते. शेवटून दुसऱ्या थांब्यावर उतर. कोपऱ्यावर फुलवाली बसते, तिच्याकडे मोगरा आणि मरवा एकत्र गुंफलेला मिळतो, असा मी म्हैसुरातही बघितला नाही. तिथून गुलमोहरांची सरळ गल्ली आहे. सकाळी त्या गल्लीत दर घरापुढे रांगोळी असते, सिद्धीला सांग की पाय न लावता चालायचं. गल्लीच्या शेवटी गंगव्वांचं घर, त्याच्या मागे आमचं. गच्चीवरून लांबवर पाऊस येताना दिसतो. एवढंच आहे. मला ते कुठल्याही गावापेक्षा आवडतं, हे मला आज कळलं.

एक गोष्ट नीट वाच. दारात आलीस की थांब. उंबरा ओलांडू नकोस. आई म्हणते, तेरावं घातलेलं माणूस तसंच आत घेता येत नाही, त्याला पुन्हा जन्माला यावं लागतं. आधी ती तुला मागच्या बंबाच्या पाण्यानं स्वतः न्हाऊ घालणार. बंब मी चिंचेनं घासून ठेवला आहे. पाणी कढत असेल, आणि दोन बादल्या असतील. मग कोरं लुगडं, मग बारसं. पाळणा म्हणून गंगव्वा त्यांच्या नातवाचा झोका देणार होत्या. त्यात तू मावणार नाहीस, तेव्हा पाटावर बसवायचं ठरलं. नाव कानात सांगायला आत्या लागते. गंगव्वा तयार झाल्या आहेत, मात्र त्यांना मराठीतून सांगायला जमेल की नाही याची काळजी आहे. मी म्हटलं, नावच तर सांगायचं आहे. आईला विचारलं, नाव कुठलं ठेवायचं? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी पुढे विचारलं नाही.

दाजींना सांग की त्यांनी आधी आत यावं. जावई आहेत. त्यांना न्हाऊ घालायची गरज नाही.

बारशाच्या घुगऱ्यांसाठी आईनं मला हरभरे आणायला पाठवलं. आणले तर लगेच भिजत घातले. मी म्हटलं, अक्का अजून हासनलाही पोचली नसेल, ती येईपर्यंत त्यांना मोड येतील. आईनं वर बघितलंसुद्धा नाही.

‘येऊ देत,’ म्हणाली.

तुझा भाऊ,
गुंडू